कोपऱ्यावर पट्टा उतरला

आमच्या गाडीच्या इंजिनचा पट्टा ओरडायला लागला तेव्हा बाबा म्हणाले, "थंडी आहे. इंजिन गरम झालं की गप्प बसेल." थंडी संपली, उन्हं चटके द्यायला लागली, तरी गाडी काही गप्प बसेना. सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून अशी किंकाळी निघायची की समोरच्या गॅलरीतल्या बाई कपडे वाळत घालायच्या थांबून खाली वाकून बघायच्या.

"अहो, सगळं आयुष्य गॅरेजात घालवलंत आणि घरची गाडी अशी बोंबलतेय," आई म्हणायची. "लोक हसतात."

"टेन्शनर गेलाय," बाबा शांतपणे सांगायचे. "पट्टा ताणून धरतो ना, तो. त्याची स्प्रिंग म्हातारी झाली."

"एवढं कळतंय तर बदला."

"बदलू."

बाबांचं 'बदलू' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. न्हाणीघराचा नळही ते असाच बदलणार होते. पण या वेळी कारण खरं होतं. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. हात वर जात नव्हता, आणि टेन्शनर काढायचा म्हणजे लांब पान्याने स्प्रिंगच्या उलट दिशेला जोर लावून ओढावं लागतं. मी म्हटलं, कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये देऊन टाकू. तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांनाच कुठेतरी देऊन टाकायला निघाले होते.

दर महिन्याला एका रविवारी आई मामाकडे जायची. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, साठी ओलांडली तरी तिच्या तोंडी 'बाळ'च. बाबा तिला गाडीने सोडायचे, पण दारापर्यंत नाही. मामाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एका शिंप्याचं दुकान होतं, तिथे गाडी थांबायची. आई उतरून चालत जायची. बाबा काच खाली करून पेपर वाचत बसायचे. तासा-दोन तासांनी आई परत यायची. मामा कसा आहे, हे ते कधीच विचारत नसत. फार तर, "फाटकाला रंग दिलेला दिसतोय," एवढंच. कोपऱ्यावरून फाटक दिसायचं.

बाबा आणि मामा बोलत नव्हते. मी कॉलेजात गेले तेव्हापासून नव्हते, आणि आता माझ्याच केसांत पांढरं दिसायला लागलंय.

त्याआधी दोघांचं एकच गॅरेज होतं. बाहेर पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. सगळे त्याला 'मेहुण्या-मेहुण्यांचं गॅरेज' म्हणायचे. पत्र्याची शेड, मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, खड्ड्यावर फळ्या. जाळीचं टोपडं घातलेला एक दिवा लांब वायरीवर सगळीकडे फिरायचा. सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा पसरलेला असायचा, आणि तो ओला वास माझ्या शाळेच्या दप्तरालाही यायचा. भिंतीवर खिळे ठोकून त्यावर जुने पट्टे अडकवलेले असत, लहान-मोठी काळी कडी. मी ती गळ्यात घालून मिरवायचे आणि मान काळी करून घरी यायचे. आई मला साबणाने घासायची आणि त्या दोघांना शिव्या घालायची. दोघं अंगणात रॉकेलने हात धूत, मान खाली घालून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे असायचे.

बाबा मोजून काम करणारे. त्यांच्या खिशात स्टीलची पट्टी असायची. तेव्हाच्या गाड्यांना आपोआप ताण धरणारा टेन्शनर नव्हता; डायनामो सरकवून पट्टा हाताने ताणायचा आणि बोल्ट आवळायचा. ताण बरोबर आहे का हे बघायला बाबा पट्ट्यावर मधोमध दाब द्यायचे आणि तो किती खाली जातो ते पट्टीने मोजायचे. मामाचं तसं नव्हतं. तो डोळे मिटायचा, पट्ट्यावर अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, "बसला." किंवा, "अजून एक केसभर." मग बाबा पट्टी लावायचे, आणि बहुतेक वेळा दोघांचं जुळायचं. गिऱ्हाइकं हा खेळ बघायला मुद्दाम थांबायची. मामा त्यांना 'पट्टीमास्तर' म्हणायचा, त्यांच्या तोंडावर. बाबा हसायचे.

मग शाळेतल्या एका मास्तरांची गाडी घाट चढताना बंद पडली. आदल्याच दिवशी दोघांनी मिळून तिला नवा पट्टा घातला होता. तो तुटला, इंजिन तापलं आणि जळालं. बायको आणि म्हातारी आई यांना घेऊन मास्तर भर उन्हात रस्त्यावर उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात येऊन ओरडले, आणि त्यांचं ओरडणं रास्त होतं. मामा म्हणाला, पट्टा फार ताणला गेला होता. बाबा म्हणाले, मी मोजून ताणला होता, नंतर कोणीतरी त्यात हात घातला. शब्दाने शब्द वाढला. आई नेमकी डबा घेऊन आली होती. तिच्यासमोर, मास्तरांसमोर, चार ड्रायव्हरांसमोर बाबा बोलून गेले, "अंगठेबहाद्दराच्या हाती काम दिलं की असंच व्हायचं."

मामाची शाळा अर्धवट सुटली होती. घरात कमावणारं कोणी उरलं नव्हतं, आणि आईचं शिक्षण चालू राहावं म्हणून त्याने हातात पाना धरला होता. बाबांना हे माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मामाने पाना खाली ठेवला, चिंध्यांनी एकेक बोट नीट पुसलं आणि निघून गेला.

बाबांनी थोडे दिवस गॅरेज एकट्याने रेटलं, मग बंद केलं आणि एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. मामाने स्वतःच्या घरामागे शेड घातली. आई दोघांच्या मध्ये राहिली. तिने कोणालाच काही म्हटलं नाही, फक्त दर महिन्याचा तो रविवार कधी चुकवला नाही.

त्या रविवारी मीही सोबत होते. गाडी मामाच्या गल्लीजवळ आली आणि पट्ट्याने एवढी मोठी किंकाळी फोडली की शिंप्याच्या दुकानावरची कबुतरं उडाली. मग फट् असा आवाज झाला आणि एकदम शांतता. बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, गाडी कशीबशी कडेला लागली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"ओरडायची थांबली," बाबा म्हणाले.

आई उतरायच्या आतच फाटक वाजलं. मामा येत होता. लेंग्यावर बनियन, पायात वेगवेगळ्या चपला. बहुतेक किंकाळी ऐकूनच उठला असावा. तो सरळ गाडीपर्यंत आला आणि माझ्या खिडकीशी वाकला.

"तुझ्या बाबांना विचार, स्टिअरिंग जड झालं का?"

बाबा माझ्या शेजारीच बसले होते. ते समोर बघत म्हणाले, "झालं म्हणावं."

"लाल दिवा लागला?"

"लागला म्हणावं."

"मग पट्टा उतरला."

"ते आम्हालाही कळतं म्हणावं."

शिंपी गळ्यात टेप अडकवून बाहेर आला होता. तो आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. "काय हो," त्याने मला विचारलं, "या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही का?"

"येतं," आई म्हणाली. "म्हणूनच."

गाडी फाटकापर्यंत ढकलत न्यायचं ठरलं. कोणी ठरवलं ते सांगता येणार नाही, पण मामा मागे जाऊन डिकीला हात लावून उभा राहिला होता. त्याच्या एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला मी. बाबा स्टिअरिंगवर, आणि आई पर्स सांभाळत बाजूने चाललेली, वरातीत चालल्यासारखी. मध्येच बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"त्याला सांग, कमरेला जपून."

माझ्या लक्षात आलं, मामाने ढकलायची पद्धत बदलली. पाठ वळवून डिकीला टेकवली आणि पायांनी रेटायला लागला.

मामाचं अंगण म्हणजे अर्धं घर आणि अर्धं गॅरेज. एका बाजूला मामीच्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला टायर. हल्ली तो ओळखीच्यांचीच कामं करायचा. त्याने बॉनेट उघडलं, हात घालून लोंबणारा पट्टा बाहेर काढला आणि उजेडात धरला. आतल्या कंगोऱ्यांसारख्या रेघांना भेगा पडल्या होत्या, एक कड दोऱ्या सुटलेल्या रुमालासारखी झाली होती. मग त्याने टेन्शनरची पुली बोटाने हलवली. ती खडखडली.

"हे बघ," तो मला म्हणाला, "दाढ हलावी तशी हलतेय. स्प्रिंग मेली, बेअरिंगही गेलं. पट्टा धरून ठेवणार कोण? नवा पट्टा आणि नवा टेन्शनर लागणार. पण आज रविवार, पार्ट्सची दुकानं बंद. गाडी इथेच राहू दे म्हणावं. उद्या बघतो."

बाबा फाटकाजवळ एका स्टुलावर बसले होते, मामीने आणून दिलेल्या. त्यांनी बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "डिकी उघड."

हे मला होतं. मी उघडली. "स्टेपनीच्या बाजूला बघ. जॅकच्या मागे."

जॅकच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत दोन खोकी होती. एकात पट्टा, एकात टेन्शनर, दोन्ही कोरे. पण खोक्यांचे कोपरे गाडीच्या हादऱ्यांनी मऊ पडले होते, आणि चिकटपट्टी पिवळी होऊन सुटायला आली होती. मामाने खोकं माझ्या हातातून घेतलं. फुंकर मारून धूळ उडवली. ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"दाजी, हे कधी घेतलंत?"

मामीच्या हातातली बादली तशीच राहिली. मामाला स्वतःलाही कळलं असावं, पण शब्द तर तोंडातून निघून गेला होता.

"झाले बरेच दिवस," बाबा म्हणाले.

"मग बसवला का नाहीत?"

"खांदा चालत नाही."

"शहरातले मेकॅनिक काय संपावर गेलेत?"

"परक्याच्या हाती द्यायची नव्हती."

मामा खोकं हातात घेऊन उभा होता. "मग इथे आणायची."

"आणत होतो की," बाबा म्हणाले. "दर महिन्याला आणत होतो. कोपऱ्यापर्यंत."

आई "पाणी आणते" म्हणून घरात गेली, आणि बराच वेळ पाणी काही आलं नाही.

मामाने चपला काढून बाजूला ठेवल्या, शेडमध्ये जाऊन पान्यांचा डबा आणला. आधी बॅटरीची वायर सोडवली. पट्टा आपोआप उतरला होता, त्यामुळे तो कुठून कसा गेला होता हे कोणी पाहिलं नव्हतं. मी मोबाइलवर शोधते म्हटलं, तर दोघं एकदमच म्हणाले, "थांब." बाबांनी स्टुलावरून वाकून विटेच्या तुकड्याने फरशीवर गोल काढायला सुरुवात केली. खाली इंजिनचा गोल, वर अल्टरनेटर, बाजूला एसी, स्टिअरिंगचा पंप, पाण्याचा पंप. मग त्यांच्याभोवती एक लांब रेघ फिरवली, एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. गॅरेजमध्ये ते असंच काढायचे. संध्याकाळी झाडताना मी ती चित्रं पुसायची टाळायचे.

"पाण्याच्या पंपावरून उलटा जातो," मामा म्हणाला. "पाठीने."

"तसाच काढलाय."

"तसा दिसत नाही."

"तुझा चष्मा कुठाय?"

"आत."

"मग दिसेल कसा?"

मला हसू आवरेना. कितीतरी वर्षांनी दोघांना भांडताना ऐकत होते आणि कानांना बरं वाटत होतं.

जुन्या टेन्शनरचा बोल्ट गंजून बसला होता. मामाने पाना लावून जोर केला, चेहरा लाल झाला, पण बोल्ट ढिम्म. बाबा उठले. डावा हात मामाच्या हातावर ठेवून त्यांनी पाना धरला. "तीन म्हटलं की," बाबा म्हणाले, आणि मामाने तीनच्या आधीच ओढलं, ती त्याची जुनी सवय. बोल्ट कुरकुरला आणि सुटला. दोघं तोल जाऊन एकमेकांवर आपटले.

नवा टेन्शनर जुन्याशेजारी ठेवून पाहिला. "मागची खुंटी भोकात बसली का बघ," बाबा म्हणाले, "नाहीतर तिरका बसेल आणि पुन्हा पट्टा खाईल." मामाने बोटाने चाचपून पाहिलं, बसली होती. बोल्ट आवळला. तोवर बाबांनी बाकीच्या पुल्या एकेक करून हाताने फिरवल्या, प्रत्येकीला कान लावून. त्यांच्यात खोट नव्हती. मग नवा पट्टा फरशीवरच्या चित्राबरहुकूम ओवला, एक पुली सोडून सगळ्यांवरून. मामाने लांब पाना लावून टेन्शनर मागे ओढून धरला, आणि शेवटच्या पुलीवर पट्टा सरकवायचं काम माझ्याकडे आलं.

"बोटं काढलीस?" मामाने विचारलं.

"काढली."

"पुन्हा बघ. बाबांना बघू दे."

बाबांनी पाहिलं. मामाने पाना हळूहळू सोडला. पट्टा ताठ झाला. प्रत्येक रेघ आपापल्या खाचेत बसली आहे ना हे बाबांनी बोट फिरवून तपासलं. टेन्शनरच्या अंगावर दोन खुणा होत्या आणि दांड्यावर एक बाण. बाण दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये होता.

"ताण बरोबर आहे," बाबा म्हणाले.

मामाने सवयीने पट्ट्यावर अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. दाबलं. पट्टा दबला, टेन्शनर थोडा सरकला, अंगठा उचलला की परत जागेवर. त्याने पुन्हा दाबून पाहिलं. मग डोळे उघडले.

"काही कळत नाही," तो म्हणाला. "आपण दाबलं की हा स्वतःच सांभाळून घेतो."

"त्याच्यासाठीच बनवलाय तो. सगळं टेन्शन त्याने घ्यायचं."

"म्हणजे आता तुमच्या पट्टीलाही काम नाही आणि माझ्या अंगठ्यालाही."

अंगठा म्हटल्यावर दोघं थांबले. आई पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर येऊन उभी होती.

"त्या दिवशी मी बोललो," बाबा म्हणाले, "ते वाईट होतं."

मला वाटलं, मामा म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. तो तसं म्हणाला नाही.

"होतं," तो म्हणाला. "फार वाईट होतं. लोकांसमोर बोललात त्याचं मी गिळलं असतं. ताईसमोर बोललात."

बाबांनी मान हलवली. मामाने फरशीवरचा जुना पट्टा उचलला. त्याची झिजलेली कड बघत म्हणाला, "त्या मास्तरांच्या गाडीची पुलीच वाकडी असावी. मला पुढे वाटायला लागलं. वाकड्या पुलीवर पट्टा कसाही ताणा, कड झिजतेच."

"मलाही तेच वाटायचं," बाबा म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू का नाही सांगितलंस?"

मामाने बॅटरीची वायर जोडली आणि मला म्हणाला, "फिरव चावी."

इंजिन सुरू झालं. किंकाळी नाही, खडखड नाही. पट्टा इतका गुळगुळीत फिरत होता की तो थांबलाय असंच वाटावं. दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून टेन्शनर थरथरतोय का ते बघत राहिले, खांद्याला खांदा लावून. टेन्शनर अगदी स्थिर होता. मामीने विचारलं, "झालं का? की अजून काही उघडायचंय?"

"एक चक्कर मारून बघू," मामा म्हणाला. चालवायला तो बसला, शेजारी बाबा. दोघांनीही हात धुतले नव्हते, आणि सीटला काळं लागेल म्हणून आई ओरडेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

आम्ही तिघी अंगणात बसलो. चहा झाला, दुसरा झाला. मामीने कुंड्यांना पाणी घातलं. दोघांचेही फोन घरातच राहिले होते. आई म्हणाली, "पुन्हा उतरला की काय पट्टा?" पण तिच्या आवाजात काळजी नव्हती. ती फरशीवरचं विटकरी चित्र बघत बसली होती, पाय त्यावर पडणार नाहीत असे दुमडून घेऊन.

उन्हं कलल्यावर गाडी आली, कसलाही आवाज न करता. फाटकात शिरली तेव्हाच आम्हाला कळलं.

"कुठे गेला होतात?" मामीने विचारलं.

"जुन्या शेडकडे," मामा म्हणाला. "तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. पत्रा गेला, स्लॅब टाकलाय. काचेचं दार लावलंय."

"खड्डा बुजवलाय," बाबा म्हणाले. "वर चकचकीत फरशी. पण जागा कळते. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, इथली फरशी सारखी खचते, कारण कळत नाही."

"सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"सांगितलं ना. चांगला माणूस आहे. म्हणाला, बसा. तिथे नेमका एक सोफा मांडलाय, मखमली. आम्ही काळ्या हातांचे, तर त्याने त्यावर आधी प्लास्टिक अंथरलं."

"आणि?"

"आणि बसलो."

"एवढा वेळ?" आईने विचारलं. "काय बोलत होतात?"

बाबांनी मामाकडे पाहिलं. मामाने खांदे उडवले आणि हात धुवायला नळाकडे गेला.

"बोललो असं काही नाही," बाबा म्हणाले. "सोफा चांगला होता." आणि साबण मागत तेही त्याच्या मागे गेले.